पिसांची ओळ आणि विषाणूचा हिशेब : कोंबडीच्या भ्रूणत्वचेवर वाहक कसा वापरावा

कोंबडीचे अंडे एकवीस दिवस उबते. त्यातील साडेसहाव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणाच्या पाठीवर, मणक्याच्या दोन्ही अंगांना, पिसांच्या अंकुरांच्या पहिल्या ओळी उमटतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांच्या बाहेरच्या बाजूला एकामागून एक नव्या ओळी येत जातात, आणि प्रत्येक नवा अंकुर आधीच्या ओळीतील दोन अंकुरांच्या मधल्या जागेसमोर उगवतो. जळगाव-रावेरकडच्या वाचकाला त्रिकोणी पद्धतीने लावलेली केळीची बाग डोळ्यांसमोर आणली, की ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोणता जनुक ही रचना घडवतो, कोणता ती रोखतो, हे तपासण्यासाठी एखादा जनुक ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी मुद्दाम चालू करून पाहावा लागतो. विषाणू-वाहक, म्हणजे हवा तो जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी बदललेला विषाणू, हे त्यासाठीचे जुने, परवडणारे आणि अजूनही उपयोगी साधन आहे.

खानदेशातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी, अथवा विद्यापीठातील संशोधनासाठी हे काम हाती घेणाऱ्यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. या कामातील बहुतेक अपयशांचे मूळ विषाणूत नसून दिनदर्शिकेत असते, असे माझे ठाम मत आहे. विषाणू पसरायला वेळ घेतो, पिसे मात्र त्याच्यासाठी थांबत नाहीत. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर वेळेचा विचार पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न आधी, विषाणू नंतर

"पिसांवर अमुक जनुकाचा परिणाम" हा प्रश्न नव्हे. अंकुर उगवणे, अंकुरांमधील अंतर ठरणे, अंकुर लांब होऊन एका दिशेला कलणे, त्याभोवती कूप (पीस ज्यात रुजते तो त्वचेतील खळगा) तयार होणे आणि पिसाला फांद्या फुटणे या वेगवेगळ्या काळातील वेगवेगळ्या घटना आहेत, आणि एकच जनुक त्यांत वेगवेगळी कामे करू शकतो. बीटा-कॅटेनिन, एफजीएफ आणि सॉनिक हेजहॉग हे संकेत अंकुराच्या बाजूने काम करतात. बीएमपी गटातील प्रथिने शेजारी नवा अंकुर उगवू देत नाहीत. आरसीएएस या विषाणू-वाहकातून (त्याची ओळख पुढे येते) बीटा-कॅटेनिनचे सतत सक्रिय रूप दिले, तर जिथे एरवी त्वचा उघडी राहते तिथेही अंकुर फुटतात आणि पायाच्या खवल्यांतून पिसे निघतात. १९९६ साली झू आणि निस्वांडर यांनी बीएमपीच्या ग्राहकाचे (संकेत स्वीकारणाऱ्या प्रथिनाचे) निकामी रूप याच वाहकातून भ्रूणाच्या पायात घातले, तेव्हा बोटांमधील पडदे शिल्लक राहिले आणि खवल्यांच्या जागी पिसे आली. ही दोन उदाहरणे नीट वाचली, तर चांगला प्रश्न किती नेमका असावा लागतो, हे लक्षात येते.

स्थानिक प्रश्नही कमी नाहीत. खेड्यापाड्यांत उघड्या मानेच्या कोंबड्या अधूनमधून दिसतात आणि उन्हाळा सोसण्याच्या बाबतीत त्यांचे कौतुक होते. मानेवरील पिसे का येत नाहीत, याचा उलगडा २०११ मध्ये झाला : त्या जातीत बीएमपी१२ हा संकेत त्वचेत प्रमाणाबाहेर तयार होतो, आणि मानेच्या त्वचेतील रेटिनोइक आम्लामुळे तिथे त्याचा परिणाम अधिक जाणवतो. उलट्या वळलेल्या पिसांच्या कोंबड्यांत केरॅटिनच्या एका जनुकात बिघाड असतो. असा ज्ञात फरक हाताशी घेऊन त्यावर छोटा, तपासता येण्याजोगा प्रश्न बांधणे हे नवख्या गटासाठी शहाणपणाचे आहे.

वाहक म्हणजे नेमके काय

पक्ष्यांच्या भ्रूणासाठी सर्वाधिक वापरला जाणारा वाहक म्हणजे आरसीएएस. त्याचे मूळ राऊस सार्कोमा विषाणूत आहे. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीतून तो दाखवला आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या विषाणूतील कर्करोगकारक सार्क जनुक काढून त्या जागी आपल्याला हवा तो जनुक बसवता येतो. ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये वाहकाचे हे रूप मांडले. हा वाहक स्वतःची वाढ करू शकतो. एका पेशीतून बाहेर पडून शेजारच्या पेशीत जातो, आणि म्हणून थोड्याशा टोचणीतून त्वचेचा मोठा पट्टा व्यापतो. त्याची ताकद यातच आहे आणि धोकाही यातच.

त्याच्या मर्यादा चार. पहिली, आत बसवायचा जनुक डीएनएच्या साधारण अडीच हजार अक्षरांपेक्षा लांब असू नये. त्याहून लांब असला, तर विषाणू वाढता वाढता तो तुकडा टाकून देतो. दुसरी, तो विभाजित होणाऱ्या पेशींतच जनुक पक्का बसवतो; भ्रूणत्वचेत त्याची अडचण सहसा येत नाही. तिसरी, पेशीत शिरल्यापासून प्रथिन पुरेसे दिसेपर्यंत सुमारे एक दिवस जातो. चौथी, एकदा 'अ' गटाचे आवरण असलेला विषाणू पेशीत शिरला, की त्याच गटाच्या दुसऱ्या विषाणूला ती पेशी दार बंद करते. दोन जनुक एकत्र द्यायचे असतील, तर एक 'अ' आणि एक 'ब' आवरणात द्यावा लागतो.

लेंटिव्हायरसचा पर्यायही आहे. तो पसरत नाही, म्हणून ज्या पेशीत गेला तिचीच गोष्ट सांगतो. मात्र त्यावर व्हीएसव्ही-जी हे आवरण असेल, तर तो माणसाच्या पेशींतही शिरू शकतो आणि सुरक्षिततेची पातळी बदलते. आरसीएएसचे नेहमीचे आवरण सस्तन प्राण्यांच्या पेशींना सहसा ओळखत नाही. पहिल्या प्रकल्पासाठी मी आरसीएएसच सुचवेन.

परवानगी, आणि नवापूर

जनुक बदललेल्या कोणत्याही विषाणूवर काम करण्यासाठी, पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार, आपल्या संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते आणि तिच्याकडे प्रकल्प मांडावा लागतो. भ्रूणांच्या वापराबाबत प्राणी-प्रयोग नीतिशास्त्र समितीलाही लेखी विचारावे. समिती नसलेल्या महाविद्यालयाने हे काम विद्यापीठाच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसोबत करावे. "अंड्यावरचे तर आहे" म्हणून परस्पर सुरुवात करू नये.

खानदेशात या सावधगिरीला आणखी एक कारण आहे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हा कुक्कुटपालनाचा मोठा पट्टा आहे आणि भारतात एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये याच तालुक्यात. लाखो पक्षी मारावे लागले, आणि २०२१ मध्ये तिथे पुन्हा तीच वेळ आली. आरसीएएसचा बर्ड फ्लूशी काही संबंध नाही, पण तो कोंबडीत वाढणारा जिवंत विषाणू आहे. म्हणून टोचलेल्या एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर येऊ द्यायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा. घरी कोंबड्या पाळणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेचा कोट आणि चपला प्रयोगशाळेतच ठेवाव्यात, आणि काम झालेल्या दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यात जाणे टाळावे.

अंडी : निम्मे काम इथेच

बाजारातील अंडी निरुपयोगी, कारण ती फलित नसतात. अंडी ब्रीडर फार्मवरूनच घ्यावीत, आणि शक्य असेल तर विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त असलेल्या कळपाची. अशी अंडी महाग पडतात, पण लसनिर्मितीसाठी ती पुण्यात तयार होत असल्याने मिळवणे अशक्य नाही. हा खर्च मला अनाठायी वाटत नाही. कारण कळपात लिम्फॉइड ल्युकोसिस या कोंबड्यांच्या रोगाचा, आरसीएएसच्याच कुळातला विषाणू आधीच फिरत असेल, तर भ्रूणाच्या पेशी त्या गटाच्या आवरणाला आधीच बंद झालेल्या असू शकतात, आणि मग उत्तम विषाणू टोचूनही काहीच दिसत नाही. विद्यार्थी महिनाभर विषाणूला दोष देत बसतो, आणि दोष असतो कळपाचा.

दुसरा शत्रू ऊन. अंड्यातील वाढ पूर्ण थांबून राहण्यासाठी तापमान वीस अंशांच्या खाली असावे लागते. तेरा ते सोळा अंश हे साठवणीसाठी उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. अशा दिवसांत अंड्यांचे खोके बसच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत काही तास राहिले, तर प्रत्येक अंड्यात वाढ थोडी थोडी आणि अनियमित सुरू होते. मग इनक्युबेटरमध्ये एकाच वेळी ठेवलेली अंडी तिसऱ्या दिवशी उघडली, की एक पुढे, एक मागे आणि एक मृत. ज्या प्रयोगात सहा तासांचा फरक निर्णायक आहे, त्याची वाट इथेच लागते. अंडी पहाटे किंवा रात्री आणावीत, थर्माकोलच्या पेटीत थंड पिशव्या ठेवून त्यांचा अंड्यांना थेट स्पर्श होणार नाही अशी सोय करावी, आणि पोहोचल्यावर रुंद टोक वर ठेवून, थंड जागी, निदान अर्धा दिवस विसावू द्यावीत. आठवड्यापेक्षा जुनी अंडी वापरू नयेत. मोठा प्रयोग जमल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावा.

इनक्युबेटर साडेसदतीस ते अडतीस अंशांवर आणि आर्द्रता पन्नास-साठ टक्क्यांवर असावी. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की पाण्याचा एक ट्रे पुरत नाही. दोन ठेवावेत आणि आर्द्रतामापक आतच असावा. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून इन्व्हर्टर जोडावा, आणि कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक आत ठेवावा. रात्री वीज किती वेळ गेली हे तो सांगत नसला, तरी तापमान कुठवर उतरले हे सांगतो.

विषाणूशिवाय एक फेरी

पहिली फेरी विषाणू न वापरताच करावी. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये भ्रूणवाढीचे सेहेचाळीस टप्पे ठरवले. दिवस मोजण्यापेक्षा टप्पा ओळखणे महत्त्वाचे आहे. तेविसाव्या-चोविसाव्या टप्प्यापर्यंत पायांचे आणि पंखांचे अंकुर पाहावेत. तिसाव्या टप्प्याला खांद्यांच्या पातळीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांच्या दोन-दोन ओळी आणि पायांच्या पातळीवर तीन-तीन ओळी दिसतात, तर मधल्या भागात त्या अस्पष्ट असतात. तेवढ्या ओळी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली अचूक मोजता येईपर्यंत पुढे जाऊ नये. तिरका प्रकाश टाकला की अंकुर उठून दिसतात. प्रत्येक भ्रूणाची वही ठेवावी : अंड्याचा क्रमांक, इनक्युबेटरमध्ये ठेवल्याची वेळ, उघडल्याची वेळ, टप्पा.

याच फेरीत अंड्याच्या कवचात खिडकी उघडण्याचा हात बसवावा. अंडी आडवी ठेवून उबवली, की भ्रूण वरच्या बाजूला येतो. पंचेचाळीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान, टोचणीच्या टप्प्यानुसार, कवच सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावे, टोकाला छोटे छिद्र पाडून जाड सुईने, सुईचे तोंड खाली वळवून, तीन-चार मिलिलिटर पांढरा बलक काढावा, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली सरकतो. मग वर चिकटपट्टी लावून बारीक वाकड्या कात्रीने दीड-दोन सेंटीमीटरची खिडकी कापावी. चिकटपट्टीमुळे कवचाचे तुकडे आत पडत नाहीत. पिवळ्या बलकाला टोचले गेले, तर ते अंडे लगेच बाजूला काढावे. ते जगत नाही, आणि त्याचा हिशेब उगाच गोंधळ वाढवतो. तिसऱ्या दिवसानंतर खिडकी उघडायला गेल्यास आवरणे कवचाला चिकटलेली असतात आणि रक्तस्राव होतो. न टोचता नुसती खिडकी उघडलेल्या अंड्यांपैकी निम्मीसुद्धा नवव्या दिवसापर्यंत जगत नसतील, तर विषाणू हातात घेण्याची वेळ आलेली नाही.

विषाणू तयार करणे

हा भाग प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावा, म्हणून थोडक्यात. वाहकाचा डीएनए डीएफ-१ या कोंबडीच्या पेशींत घालतात. या पेशी मुद्दाम अशा कळपातून काढल्या आहेत, ज्यांच्यात या गटाचे जुने अंगभूत विषाणू नसतात. आठवडाभरात विषाणू सगळ्या पेशींत पसरतो. माध्यम गोळा करून, गाळून, अतिवेगवान अपकेंद्रकात ते घट्ट करतात. भ्रूणासाठी प्रति मिलिलिटर किमान दहा कोटी सक्रिय कण हवेत. ही संख्या नव्या डीएफ-१ पेशींवर विषाणूच्या गॅग प्रथिनाची प्रतिपिंडे वापरून मोजतात. विषाणूच्या छोट्या छोट्या कुप्या उणे ऐंशी अंशांवर ठेवाव्यात. एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नये. ज्यांच्याकडे अपकेंद्रक नाही त्यांनी सहकारी प्रयोगशाळेकडून मोजलेला साठा घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

टोचण्याचा क्षण

आता वेळेचा हिशेब. पाठीवरील पहिली ओळ साडेसहा-सात दिवसांनी येते. जनुकाला कामाला लागण्यास एक दिवस हवा आणि विषाणूला पसरायला आणखी दोन-तीन दिवस हवेत. म्हणजे पहिल्या ओळीवर परिणाम पाहायचा असेल, तर टोचणी तिसऱ्या दिवसानंतर होऊन चालत नाही. पाचव्या दिवशी टोचले, तर जनुक कामाला लागेपर्यंत अंकुर बसून गेलेले असतात आणि मग परिणाम दिसला तरी तो लांबी किंवा दिशा यांवर असतो, मांडणीवर नव्हे. अनेकांनी याच टप्प्यावर उशीर करून "जनुकाचा काही परिणाम नाही" असा निष्कर्ष काढलेला असतो.

कुठे टोचायचे, हे कोणत्या पेशी बदलायच्या त्यावर ठरते. पाठीच्या अंतस्त्वचेच्या (त्वचेच्या आतल्या थराच्या) पेशी सोमाइटमधून, म्हणजे मणक्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ओळीने बनणाऱ्या ऊतींच्या गोळ्यांतून येतात, पोटाच्या अंतस्त्वचेच्या त्यांच्या बाहेरच्या पार्श्वपट्टातून, आणि चेहऱ्याच्या चेताशिखेच्या (न्यूरल क्रेस्ट) पेशींतून. पाठीच्या अंतस्त्वचेसाठी बाराव्या ते पंधराव्या टप्प्यात, सोमाइट बनत असतानाच त्यांच्या ओळीत टोचावे. फक्त बाह्यत्वचा (वरचा थर) हवी असेल, तर उल्बपोकळी (भ्रूणाभोवतीची द्रवाची पिशवी) मिटल्यावर, साधारण तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस, तिच्यातील द्रवात विषाणू सोडावा. तो भ्रूणाच्या पृष्ठभागावरील पेशींनाच भिडतो, कारण खालील आधारपटल त्याला सहसा आत जाऊ देत नाही. सोंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले होते, की मांडीची अंतस्त्वचा पंखाच्या बाह्यत्वचेखाली ठेवली, तर तिथे मांडीची पिसे येतात; कुठे कोणते पीस हे अंतस्त्वचा ठरवते. म्हणून आपण कोणत्या थरात हात घालतो आहोत, हे टोचण्यापूर्वीच वहीत लिहावे.

काचेच्या केशनळीला ज्योतीवर किंवा पुलरवर ओढून बारीक टोक करावे आणि ते चिमट्याने किंचित मोडावे. विषाणू बर्फावर वितळवून त्यात फास्ट ग्रीन हा हिरवा रंग नावापुरता मिसळावा, म्हणजे द्रव कुठे गेला हे कळते. तोंडाने ओढण्याची जुनी पद्धत इथे पूर्णपणे निषिद्ध समजावी. हाताचा पंप किंवा सूक्ष्म-इंजेक्टरच वापरावा. टोचल्यावर हिरवा ढग सोमाइटच्या ओळीत किंवा उल्बपोकळीत दिसला पाहिजे. तो बलकात सांडला, तर ते अंडे 'अयशस्वी' म्हणून नोंदवावे, आशेने ठेवू नये. नंतर दोन थेंब क्षारद्रावण, पारदर्शक चिकटपट्टीने घट्ट बंद, आणि अंडे न फिरवता परत इनक्युबेटरमध्ये. एका अंड्याला खिडकीपासून बंद करेपर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त लागू नये. थंड पडलेला भ्रूण मागे राहतो, आणि मग आपण पाहतो तो परिणाम जनुकाचा नसून थंडीचा असतो.

तुलनेची अंडी

तीन गट हवेतच : न उघडलेली अंडी, फक्त खिडकी उघडलेली, आणि त्याच वाहकात जीएफपी (हिरवे चमकणारे, निरुपद्रवी प्रथिन) घालून टोचलेली. तिसरा गट वाचवायचा मोह सर्वांत जास्त होतो, आणि तो वाचवला तर उरलेल्या सगळ्या कामाला अर्थ राहत नाही. कारण नुसत्या विषाणूच्या संसर्गानेही वाढ थोडी मंदावू शकते. सर्व गटांची अंडी एकाच खोक्यातील, एकाच दिवशी ठेवलेली आणि एकाच शेल्फवरील असावीत.

काढणे, पाहणे, निष्कर्ष

अंकुरांच्या मांडणीसाठी आठवा-नववा दिवस, कूपांसाठी बारावा-चौदावा. भ्रूण बाहेर काढण्याची आणि वेदनारहित शेवट करण्याची पद्धत नीतिशास्त्र समितीने मंजूर केलेलीच असावी. पाठीची त्वचा सोडवून थंड चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये रात्रभर ठेवावी. मग दोन गोष्टी एकाच त्वचेवर पाहाव्यात : विषाणू कुठे पोहोचला (गॅगची प्रतिपिंडे), आणि अंकुर कुठे आहेत (बीटा-कॅटेनिन किंवा हेजहॉगचा संकेत इन सिटू रंगणीने, जी जनुक ऊतीत कुठे चालू आहे ते दाखवते). संसर्ग ठिपक्या-ठिपक्यांत असतो. ते वाईट नव्हे, उलट त्याच त्वचेतील न पोहोचलेला भाग हीच उत्तम तुलना ठरते. मात्र मोजणीचे एकक भ्रूण असावे, अंकुर नव्हे. एका भ्रूणातील पन्नास अंकुर म्हणजे पन्नास प्रयोग नव्हेत.

पिसांच्या फांद्या हा प्रश्न असेल, तर भ्रूण सोडून वाढलेल्या पक्ष्यातील उपटलेल्या पिसाच्या कूपात वाहक टोचण्याची पद्धत आहे. २००२ मध्ये च्युंग यांच्या गटाने तशा प्रयोगात दाखवले, की बीएमपीला अडवणाऱ्या नॉगिनने फांद्या वाढतात आणि बीएमपी४ वाढवला तर मधला दांडा जाड होऊन फांद्या मिसळतात. पण त्यासाठी जिवंत पक्षी आणि वेगळी बंदिस्त खोली लागते. पदव्युत्तर प्रकल्पाने त्या वाटेला जाऊ नये.

चौदाव्या दिवसानंतर टोचलेले एकही अंडे इनक्युबेटरमध्ये राहू नये. कवच, बलक, चिकटपट्ट्या, केशनळ्या, कात्रीवरील पुसलेला कापूस हे सर्व ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर, पुरेसा वेळ, आणि मगच जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत. कवच कुंपणाबाहेर टाकू नये, कुत्र्या-कावळ्यांना मिळू देऊ नये, आणि खत म्हणून शेतावर तर नाहीच नाही. टोचलेल्या आणि ऑटोक्लेव्ह केलेल्या अंड्यांच्या संख्या वहीत शेजारी-शेजारी लिहाव्यात. त्या जुळल्या नाहीत, तर त्या दिवशी प्रयोगशाळा बंद करू नये.